रोजचे सतराशे लिटर

आमचा सरबताचा कारखाना. साखरेचा पाक टाकीतून पाकखोलीत जातो, तिथून पुढे बाटल्यांकडे. पाकखोलीच्या दोन्ही बाजूंना मीटर आहेत. आत किती गेला, बाहेर किती आला, जुळतंय का, हे माझं सॉफ्टवेअर बघतं. माझं म्हणजे खरंच माझं. डिग्री नाही, व्हिडिओ बघून शिकलो. म्हणून काका मला इंजिनिअर म्हणतात. टोमणाच आहे तो.

पाकखोली काकांची. सख्खे नाहीत, सगळ्यांचेच काका. जरा सांडलं की स्वतः फडकं घेऊन पुसतात, म्हणून पाठीमागे त्यांना थेंबकाका म्हणतात.

तर तीन आठवडे माझा रिपोर्ट पाकखोलीवर लाल खूण करत होता. रोज सतराशे लिटर आत जातंय, बाहेर येत नाही. साहेबांनी ठरवून टाकलं, काकांचं वय झालं, लक्ष नसतं, पाक गटारात जातोय. सोमवारपासून काका गोदामात.

शुक्रवारी ते माझ्या टेबलाशी आले.

"काय इंजिनिअर, सतराशे लिटर मी डब्यातून घरी नेतो का?"

"मी नाही म्हणत काका. मशीन म्हणतंय."

"आणि मशीनला बोलायला कोण शिकवतं?"

मी स्क्रीनवरचा रिपोर्ट बंद केला.

"दीड वर्ष राहिलंय माझं," ते म्हणाले. "गोदामात बसेन, त्याचं काही नाही. पण म्हातारा सांडतो म्हणून काढला, हे ऐकून घरी जायचं?"

ते गेले. मी एकवीस दिवसांचे आकडे काढले. १७०४, १६९८, १७११. चोरसुद्धा रोज इतकं मोजून नेत नाही.

मग पाक आत जातो त्या बाजूच्या मीटरचे, मिनिटाला किती लिटर, ते आकडे उघडले. एरवी शेवटचा आकडा सारखा हलतो. ४२.५, ४२.८, ४२.४. पण सकाळी सात दहापासून सात पन्नासपर्यंत ४२.६. चाळीस वेळा. रोज असंच, एकच आकडा चाळीस वेळा. गुणाकार केला. सतराशे चार.

खाली पळालो.

"काका, सात दहाला काय करता?"

"जाळी धुतो. पाइप रिकामा करून. आधी आठवड्यातून एकदा धुवायचो. तीन आठवड्यांपूर्वी ही नवीन साखर आली, तेव्हापासून रोज. कचराच फार."

पाइप रिकामा झाला की आत जाणाऱ्या बाजूचा मीटर गप्प बसतो, काहीच पाठवत नाही; बाहेरचा मात्र शून्य पाठवतो. मग ४२.६ आला कुठून?

आठवलं. मागच्या वर्षी साहेब रिकाम्या चौकटींवरून चिडले होते, रिपोर्ट कसा भरलेला दिसला पाहिजे म्हणून. तेव्हा मी सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घातली होती. आकडा आला नाही तर आधीचा घे. पाच मिनिटांचं काम. आठवड्यातून एकदा जाळी धुवायचे तोवर ते खपून गेलं.

जिना चढताना वाक्य तयार होतं, मीटर बिघडला होता साहेब. मीटर थोडाच बोलणार होता. पण दारात पोचलो आणि वाटलं, काकांनाही हेच सांगितलं आपण, मशीन म्हणतंय. जे उलट बोलत नाही त्याच्यावर ढकललंय.

साहेबांना ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तुझीच?"

"माझीच."

"काढ ती. आणि काकांना तू सांग. मी नाही सांगणार."

सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि आत गेले.

सोमवारी ते पाकखोलीतच होते. तरी बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. टेबलावरून उठून दोनदा खाली जाऊन आलो, उगाच.

बुधवारी सकाळी फोन वाजला.

"पाइप रिकामा केलाय," काका म्हणाले. "काय दिसतंय तुला?"

"काही नाही. कोरं आहे."

"कोरंच राहू दे. भरायला जाऊ नको, इंजिनिअर."

घड्याळात सात अकरा झाले होते.