खिडकीत ठोकलेले चित्र

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. तुमच्या हातातल्या पुस्तकात छापलेले नव्हे. ज्याच्यावरून ते छापतात, ते मूळ, हाताने रंगवलेले.

तेहरानच्या एका कडक हिवाळ्यात अर्दलान नावाच्या तरुण चित्रकाराने मला जन्म दिला. लोककथांच्या एका पुस्तकासाठी त्याने बारा चित्रे काढली. मी सातवे. विहिरीच्या काठावर बसून रडणारा राक्षस, त्याला ओंजळीने पाणी पाजणारी धोबिणीची मुलगी आणि वर फिरोजी निळे आकाश. त्या आकाशासाठी अर्दलानने अकरा दिवस घालवले. पुस्तक निघाले आणि मुलांनी ते वाचून वाचून फाडले. आम्हा बाराजणांना मात्र छापखान्यातून कोणी परत नेले नाही. अर्दलानने मागणी केली, तेव्हा छापखानेवाले शोधतो म्हणाले, एवढेच.

पुढे युद्ध आले. शहरावर क्षेपणास्त्रे पडू लागली आणि एका सकाळी छापखान्याच्या कोठाराची काच फुटली. रखवालदार मशदी कुर्बान थंडीने काकडत होता. त्याने हाताला लागलेला जाड कागद उचलला आणि चार खिळे मारून खिडकीत बसवला. तो कागद मी होतो. माझे तोंड अंगणाकडे, पाठ आत. आत कागदाचे गठ्ठे रचले गेले आणि आतून मी कोणाला दिसेनासा झालो; अंगणातून जाणाऱ्यांना मी खिडकीतला पुठ्ठाच वाटे. एकोणीस उन्हाळे मी ऊन खाल्ले. मी ओरडत होतो, पण चित्राचे ओरडणे कोणाला ऐकू येणार?

तूबा खानम शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या होत्या. पुस्तकांची मूळ चित्रे रद्दीत जातात हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली होती. कापडी पिशवी घेऊन त्या छापखाने पालथे घालत. आमच्या पुस्तकातली अकरा चित्रे त्यांनी मिळवली होती. अर्दलान आता म्हातारा झाला होता, त्याचे हृदय थकले होते. बाराही चित्रे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहायची, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

त्या आमच्या छापखान्यात आल्या तेव्हा तो पाडायला घेतला होता. अर्धी भिंत गेली होती. त्यांनी कोठारातला कागद न् कागद उलथला, मजुरांना हात जोडले, तासभर थांबा म्हणून विनवले. काहीच हाती लागले नाही. शेवटी त्या अंगणातल्या पायरीवर मटकन बसल्या. समोरच्या खिडकीकडे त्यांची नजर गेली, आणि त्यांना तपकिरी राक्षस दिसला.

त्यांनी मशदीला ओढतच आणले.

"खानम, ते चित्र होतं?" तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, पुठ्ठा आहे. थंडी फार होती हो."

त्याने पकडीने खिळे काढले. तेवढ्यात माझा एक कोपरा फाटला.

त्याच दुपारी त्यांनी मला अर्दलानच्या पलंगावर ठेवले. त्याने चष्मा लावला. आकाश पांढरे पडले होते. मुलगी पुसली गेली होती, नुसती ओंजळ उरली होती.

"खानम, हे माझं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी तुम्हाला फसवलंय."

तूबा खानमना रडू आवरेना. त्यांनी मला उलटे केले. पाठीवर त्याच्याच अक्षरात छापखान्याला लिहिलेली सूचना होती: 'आकाशाचा रंग एवढासुद्धा फिका होऊ देऊ नये.'

अर्दलानने ती दोनदा वाचली. मग मला पालथेच ठेवून त्याने माझ्या पाठीवर तळहात टेकवला.

"माझंच आहे," तो म्हणाला. "बाकीची अकरा आज नका मांडू."

ती मांडायची वेळ पुन्हा आलीच नाही. सहा दिवसांनी तो गेला.

आता मी तूबा खानमच्या घरी, अंधाऱ्या पेटीत, मऊ कागदात असतो. त्या मला जपतात. पण त्याही थकल्या आहेत, आणि किती छापखान्यांत माझी किती भावंडे पडली आहेत, कोण जाणे. म्हणून मित्रांनो, मी तुमच्या पाया पडतो. जुना कागद फाडण्याआधी, जाळण्याआधी, कशाच्या भोकात कोंबण्याआधी, तो एकदा उलटून पाहा. दुसऱ्या बाजूला कोणाचे तरी अकरा दिवस असतील.