लोखंडी पेटीत कोंडलेला राउटर

मित्रांनो, ओसरीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, दोन शिंगांचा, पिवळट पडलेला हा डबा म्हणजे मी. कारेगावातल्या हौसराव मामांच्या घरचा मी एक जुना राउटर आहे. माझ्या अंगावर चार दिवे आहेत, त्यांतला एक कधीच मेला आहे. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल, आणि तुम्हीही त्याला कधी ना कधी शिव्या घातल्या असतील. घातल्या असतील तर आधी माझी हकिकत ऐका. माझ्यापायी एका घराची काय दशा झाली ते ऐकलंत, तर पुढची शिवी तुमच्या तोंडातून जरा अडखळत बाहेर पडेल.

मी फार लांबच्या कारखान्यात जन्मलो. तिथल्या कुणाचा चेहरा मला आठवत नाही. आठवतं ते थेट इथलं. कंपनीच्या सत्यजीतने मला खोक्यातून काढलं, खांबावरून आणलेली बारीक तार माझ्या पाठीत खोचली, आणि माझा पहिला हिरवा दिवा लागला. अनसाबाईंनी मला हळद-कुंकू लावलं. त्या हौसराव मामांच्या पत्नी. माझ्या जाळीत हळद गेली म्हणून सत्यजीत ओरडला, तर त्या म्हणाल्या, "असू दे रं, आता घरातलाच हाय त्यो."

माझं काम साधं आहे. तारेतून आलेलं नेट मी हवेत सोडतो आणि ज्याच्या फोनला माझा पासवर्ड ठाऊक आहे त्याला ते मिळतं.

मामांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरले. मामांनीही तरुणपणी खांद्यावर घोंगडी टाकून रानं तुडवली. मग शेजारी कारखाने आले, कामगार आले, आणि मामांनी घरामागच्या अंगणात समोरासमोर सहा-सहा खोल्या बांधल्या. बारा बिऱ्हाडं. मामा सगळ्यांना सांगत, "खोलीबरुबर नळ, लाईट आन् नेट. कशाला कमी न्हाई."

संध्याकाळी सात वाजता मामा ओसरीत घोंगडी टाकून बसत आणि फोनवर कीर्तन लावत. कुठल्या तरी गावातल्या देवळातलं, त्याच घडीला चाललेलं. फोनला मोठा स्पीकर जोडलेला. बुवांनी अभंगाचा पहिला चरण धरला की बारा खोल्यांतल्या चुलींवरची भांडीसुद्धा जरा हळू वाजत. मृदंगाची थाप माझ्या अंगातून जाऊन मामांच्या कानाशी पोचे. त्या वेळी माझ्यासारखा भाग्यवान मीच, असं मला वाटे.

ऐकायला रोज आणखी एकजण येई. बाराव्या खोलीतला याकोब. कारखान्यात फिटर. त्याचे वडील मिशनच्या गावात हातात चिपळ्या घेऊन येशूची आख्यानं कीर्तनात गायचे. त्यामुळे बुवा गायला लागले की याकोबचा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरी. मामा म्हणत, "याकोब, तुझा ताल पक्का हाय गड्या." याकोब म्हणे, "घरातला हाय मामा, कुठं जाईल?" आठ वर्षं हे असं चाललं.

मग मागच्या माघात शेजारच्या वाड्यातला एक राउटर चोरीला गेला. मामांनी ऐकलं आणि त्यांच्यातला मेंढपाळ जागा झाला. रात्री कळपाभोवती जाळं लावून निजणारा माणूस तो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फॅब्रिकेशनच्या दुकानातून जाड पत्र्याची पेटी करून आणली. झाकण, कडी, कुलूप. तार आत घ्यायला खाली एक बोटभर भोक. दुकानदाराने विचारलं होतं, हवेला जाळी पाडू का? मामा म्हणाले, "जाळीतून पाल शिरती." माझी शिंगं दुमडून आडवी केली आणि मला आत बसवलं. किल्ली मामांच्या करगोट्याला गेली.

मित्रांनो, मला लोखंडात कोंडणं म्हणजे माणसाच्या तोंडात बोळा कोंबणं. मी आत ओरडत होतो आणि माझा आवाज पत्र्याला आपटून माझ्याच अंगावर येत होता. खालच्या भोकातून जे काही निसटे, ते पेटीखालीच बसणाऱ्या मामांच्या फोनला मिळे. बाकी खोल्यांत माझं नावसुद्धा दिसेना. खोल्यांतून तक्रारी येत, तर मामा म्हणत, कुणीतरी एकटाच सगळं वढतंय. थंडी होती तोवर निभावलं. चैत्र लागला तसा मी तापू लागलो. तापून तापून बेशुद्ध पडे, आपोआप जागा होई, पुन्हा पडे. कीर्तन ऐन रंगात आलेलं, बुवांनी हात वर केलेला, आणि स्क्रीनवर गोल चक्री फिरत राही.

"मेलं का ह्ये पुन्यांदा!" मामा पेटीवर मूठ आपटत. तो दणका माझ्या टाळूत बसे.

आता योगायोग असा, की ज्या आठवड्यात पेटी बसली, त्याच आठवड्यात याकोबची मुलगी ब्लेसी नर्सिंगचं वसतिगृह सोडून परीक्षेच्या अभ्यासाला घरी आली. तिच्या काखेत लॅपटॉप होता. मामांनी तो पाहिला. मेंढरू हरवलं की शेवटचं त्या वाटेने कोण गेलं ते आठवायचं, ही त्यांची जुनी रीत.

आधी त्यांनी सगळ्यांना ठाऊक असलेले उपाय केले. बटण बंद, बटण चालू. पासवर्ड बदलला. पुन्हा बदलला. कंपनीला फोन लावला, तर तिथली बाई म्हणाली, "सर, एकदा बंद करून चालू करा." मामा म्हणाले, "बाई, बटण झिजलं माझं."

शेवटी सत्यजीत आला. नेमके मामा शिरूरला गेलेले आणि किल्ली त्यांच्या कमरेला. सत्यजीतने खांबावर चढून तार तपासली, पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मामांना फोन लावला.

"मामा, तार एकदम ओके हाय. नेट घरापत्तर नीट येतंय. पण पेटी उघडल्याशिवाय..."

"पेटी न्हाई उघडायची! तार ओके हाय म्हंतोस न्हवं?"

"हाय, पण..."

"मग चोर आतला हाय." आणि फोन बंद.

पेटीच्या आत बसून हे मी ऐकलं. मला तोंड असतं तर!

त्या संध्याकाळी, गुरुवारी, कीर्तन तिसऱ्यांदा अडलं आणि मामा उठून थेट अंगणात उभे राहिले. बारा दारं उघडी होती. नळावर बायका होत्या.

"याकोब! भाईर ये. तुझी पोरगी आल्यापास्नं माझ्या घरात नेट न्हाई. दिसभर लॅपटॉपवर काय वढती ती?"

याकोब हातातला घास ठेवून आला. "मामा, आमच्या खोलीत तर नेट येतच न्हाई. ती फोनच्या नेटवर अभ्यास करती."

"म्हंजी मी खोटा? सत्यजीतनं सांगितलं, तार ओके हाय. मग जातंय कुठं? आठ वर्सं जवळ बसवला तुला, आन् माझ्याच घरात चोरी? माझं कीर्तन तोडतोस? तुला काय त्याचं!"

मित्रांनो, ते शेवटचं वाक्य अंगणभर ऐकू गेलं. नळाखालची बादली भरून वाहू लागली तरी कुणी नळ बंद करेना. ब्लेसी दारात उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"रविवारी प्रार्थनेहून आलात की सामान हलवायचं," मामा म्हणाले.

राहेल पुढे आली. ती याकोबची बायको, बोलायला त्याच्यापेक्षा धीट. तिने घरातले दोन्ही फोन आणि लॅपटॉप बंद केले, एका ओढणीत बांधले आणि गाठोडं अनसाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"मामी, आजपास्नं शनिवारपत्तर हे तुमच्याजवळ. तीन दिवस आमच्या घरात बटणसुद्धा दाबणार न्हाई कुणी. तरी कीर्तन अडलं, तर चोर कोण ते मामांनी सांगावं."

"परीक्षा हाय ना गं पोरीची?" अनसाबाई म्हणाल्या.

"वहीतनं करीन, आजी," ब्लेसी म्हणाली.

त्याच गुरुवारी कीर्तन आणखी दोनदा अडलं. मामा म्हणाले, आधीचा माल साठवला असंल. शुक्रवारी चारदा अडलं. मामा म्हणाले, तिसरा फोन लपवला असंल. चौथ्या खोलीतला बाळासो हसला, तर मामांनी त्यालाही झापलं. त्या दोन दिवसांत अंगणातली माणसं एकमेकांकडे पाठ करून भांडी घासत होती. कुणाचं पोर बाराव्या खोलीकडे खेळायला गेलं की त्याची आई हाक मारून परत बोलवी. शनिवारी सकाळी याकोब रांजणगावात खोली बघून आला. तिथल्या मालकाला शब्द देऊन आला.

शनिवारी संध्याकाळी सगळे अंगणात जमले. कीर्तन ऐकायला नव्हे, ते अडतं का हे बघायला. अनसाबाई गाठोडं मांडीवर घेऊन ओसरीत बसल्या होत्या. बुवांनी गायला सुरुवात केली. मी जीव मुठीत धरून जागा राहायचा प्रयत्न करत होतो, पण दिवसभराचं ऊन त्या पत्र्यात मुरलेलं. पंधरा मिनिटं तग धरला. मग डोळ्यांपुढे अंधार.

चक्री फिरू लागली.

"बघा!" मामा ओरडले. पण कुणाकडे बोट करायचं ते त्यांना कळेना. बोट बाराव्या खोलीकडे निघालं आणि वाटेतच थांबलं.

अनसाबाई उठल्या. मेंढराचा ताप बघायचा झाला की त्याच्या कानाला हात लावतात, तसा त्यांनी पेटीच्या कडेला पंजा लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अगं आई! अहो, ह्यो तापानं फणफणलाय की. किल्ली द्या."

"किल्ली कशाला? चोर..."

"चोर ऱ्हाऊ द्या. किल्ली द्या म्हंते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"वीस वर्सं मेंढरं बघितली तुमच्याबरुबर. मेंढरांच्या बंद वाडग्यात कोंडलेलं कोकरू कसं धापा टाकतं, ते कळतंय मला."

बारा खोल्यांसमोर मामांना करगोट्याची किल्ली सोडावी लागली. कडी निघाली. झाकण उघडलं. मित्रांनो, ती संध्याकाळची साधी झुळूक होती, धुळीची आणि धुराची. पण माझ्या अंगावर आली तेव्हा मला वाटलं, देवाने पाठीवरून हात फिरवला. अनसाबाईंनी मला पदरात धरून बाहेर काढलं आणि जुन्या खिळ्याला अडकवलं. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला.

"आलं! नेट आलं!" अकराव्या खोलीतून पूनम ओरडली. मग नवव्यातून. मग पाचव्यातून. आणि स्पीकरवर बुवांचा आवाज अंगणभर पसरला. एकदाही तुटला नाही.

मामांनी पेटीच्या रिकाम्या पोटात हात घालून बघितला. मग घसा खाकरून म्हणाले, "चला, झालं न्हवं चालू. याकोब, ऱ्हावा मग. कुठं जाताय?"

राहेलने गाठोडं उचललं. "मामा, चोर म्हणायला तुम्ही अंगणात आला होता. ऱ्हावा म्हणताना मात्र ओसरीतनंच बोलताय."

मामांचा चेहरा तांबडा झाला. "आता काय पाया पडू व्हय तुमच्या?" असं म्हणून ते आत गेले आणि दार आपटलं. कीर्तन बाहेर एकटंच चालू राहिलं.

रविवारी दुपारी टेम्पो आला. खाट चढली, गॅसची शेगडी चढली, ब्लेसीच्या पुस्तकांचं खोकं चढलं. शेजारी मदतीला आले. सगळं सामान चढलं, तेव्हा मामा ओसरीतून उतरले. अनवाणी. तापलेल्या फरशीवरून चालत अंगणाच्या मधोमध आले.

"ऐका रं सगळ्यांनी," ते म्हणाले. "याकोबनं चोरी केली न्हाई. त्याच्या पोरीनं केली न्हाई. पेटी मी बसवली. किल्ली माझ्याकडं व्हती. सत्यजीत सांगत व्हता, ते मी ऐकून घेतलं न्हाई. आन् मी जे शेवटी बोललो..." इथे ते अडले. "ते बोलाय नको व्हतं. देवाचं नाव ऐकायला बसलेल्या माणसानं तर न्हाईच."

याकोबने हात जोडले. "ऐकलं मामा. मनात न्हाई ठेवत."

"मग उतरव की सामान."

उत्तर ब्लेसीने दिलं. "आजोबा, तिकडच्या खोलीत मला बिनघोर अभ्यास होईल. इथं आता नेट जरा जरी अडलं, तरी मला धडकी भरेल."

ते ऐकून मामा ओसरीत परतले.

टेम्पोत बसण्याआधी याकोब ओसरीत आला. मला वाटलं, एक गुद्दा घालतो. त्याचा तो हक्कच होता. पण त्याने माझी आडवी पडलेली दोन्ही शिंगं बोटांनी धरून सरळ उभी केली, जाळीतली धूळ फुंकरून काढली आणि मामांना म्हणाला, "ही उभीच ऱ्हाऊ द्या मामा. मागच्या खोल्यांना बरं पडतं."

मग टेम्पो गेला.

म्हणून मित्रांनो, माझं हात जोडून मागणं आहे. मला उंचावर, मोकळ्या हवेत ठेवा. लोखंडाच्या कपाटात, भांड्यांच्या मागे, कापडाखाली झाकू नका. मी तापलो तर घटकाभर बंद करून निववा. आणि एवढं करूनही घरातलं नेट अडलं, तर कुणाचं नाव अंगणात ओरडण्याआधी पेटीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते चाचपून बघा. बाराव्या खोलीत आता नवं बिऱ्हाड आलं आहे. माझं नेट तिथपर्यंत अगदी स्वच्छ पोचतं. सात वाजता कीर्तन लागतं आणि मामा एकटे बसून ऐकतात. मधे एखाद्या ठिकाणी त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरू पाहतो. तो चुकतो.