दोन बोटं सैल

तिला ‘खुंटी’ हे नाव संघातल्या मुलींनी ठेवलं होतं. वॉटरपोलोच्या तलावात समोरच्या संघाच्या गोलपुढे, चेंडूची वाट बघत, पाय मारत ती एकदा उभी राहिली, की तिला हलवणं महाकठीण. देशाकडून खेळताना तिने नाक फोडून घेतलं, एक दातही गमावला, पण जागा सोडली नाही. आता मात्र संघातली जागाच डळमळीत झाली होती. प्रशिक्षकबाईंनी काल स्पष्टच सांगितलं, "उद्या गोलसमोर टिकलीस तर जागतिक स्पर्धेला तू. नाहीतर धाकटी." धाकटी म्हणजे संघातलं शेंडेफळ, आणि पंचाईत अशी की पोरगी गुणी होती.

सामना घराजवळच्याच तलावात होता. म्हणून शेजारणीने खुंटीच्या आईला शिवणावरून उठवून, गळ्यातल्या टेपसकट ओढून आणलं. आई बायकांचे कपडे शिवायची. "पाण्यातली मारामारी काय बघायची?" म्हणत आजवर ती एकाही सामन्याला फिरकली नव्हती.

खरा घोळ तिनेच घातला होता. पट्टे उसवले म्हणून खुंटीने आपले दोन्ही पोहण्याचे पोशाख तिच्याकडे टाकले होते. या खेळात पोशाख कातडीसारखा चिकटून बसावा लागतो, कुणाच्या चिमटीतही सापडता कामा नये. आईला हे कुठलं ठाऊक? तिला दिसले लेकीच्या खांद्यांवरचे लाल वळ. मायेचा उमाळा आला आणि तिने दोन्ही पोशाख दोन-दोन बोटं सैल करून ठेवले.

एरवी दोघींनी ओढून चढवावा लागणारा पोशाख आज गाऊनसारखा अंगात गेला, तेव्हा खुंटीने घाईघाईने दुसरा काढून पाहिला. तोही तसाच. पण पंचांनी बोलावलं होतं. पाण्यात उतरताच समोरच्या संघातल्या धिप्पाड बाईने पाण्याखालून तिच्या पाठीवरचं कापड मुठीत धरलं. पंचांना दिसतं ते पाण्यावरचं. खुंटी अर्धा सामना दावणीला बांधल्यासारखी तिथेच. धाकटी काठावर हातपाय मोकळे करू लागली.

मध्यंतरात खुंटी तडक प्रेक्षकांच्या कठड्याशी गेली. आई आधीच तिथे उभी होती, चेहरा उतरलेला.

"तिने माझी शिवण धरली होती," आई म्हणाली. "वरून दिसलं मला. असं धरतात होय गं?"

"धरतात. म्हणून तर घट्ट लागतो."

आईने पर्समधून सुईदोरा काढला. "हलू नकोस, टोचेल." ओल्या अंगावरच तिने दुहेरी दोऱ्याने दोन्ही बाजू आत घेतल्या. मग पाठीवर चिमटा घेऊन पाहिला. कापड हाती येईना, तेव्हा कुठे खुंटा हलवून बळकट केल्याचं समाधान तिला झालं.

"दुखतंय?"

"दुखतंय."

आईने डोळे पुसले आणि आणखी एक टाका घातला.

पुढे धिप्पाड बाईचा हात तीनदा घसरला आणि त्यातल्या दोन वेळा खुंटीने चेंडू जाळ्यात मारला. संघाने सामना एका गोलने जिंकला. धाकटीने सगळ्यांत आधी येऊन मिठी मारली. प्रशिक्षकबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "पासपोर्ट शोधून ठेव."

कपडे बदलायच्या खोलीत नवी पंचाईत. अंगावर शिवलेला पोशाख निघेना. शेवटी आईलाच आत बोलावलं. तिने पर्समधल्या कात्रीने टाके कापले, वळांवर हलकेच हात फिरवला आणि गळ्यातली टेप काढली.

"श्वास सोड, माप घेते. या वेळी दोन बोटं कमीच धरते."

"वळ उठतील, आई."

"उठू देत. घरी आलीस की मी चोळून देईन."