अकरावं प्रकरण

छापखान्यात प्रूफं तपासणारी ती बाई पहाटे उठून कादंबरी लिहायची. म्हणजे लिहायला बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून स्वतःच्या वाक्यांसाठी जीव उरत नसे. चार वर्षांत जेमतेम वीस पानं झाली. मग तिने स्वतःला एक लालूच दाखवली: एक प्रकरण पुरं झालं, की दादाकडे जायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. त्याआधी पाऊल टाकायचं नाही.

दादा, तिचा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. पक्षाघाताने खाटेला खिळला होता, पण कान तिखट. वाक्य फसलं, की तो डोळे मिटून घ्यायचा, जमलं, की म्हणायचा, "पुन्हा वाच." त्या दोन शब्दांसाठी ती राब राब राबली. वर्षभरात दहा प्रकरणं हातावेगळी झाली.

अकराव्यावर घोडं अडलं.

महिना गेला, दुसरा गेला. वहिनीचा फोन आला, की येऊन जा, ते सारखे विचारतात. तिने सांगितलं, एवढं प्रकरण संपवते आणि येतेच. दुसऱ्या फोनलाही तेच सांगितलं. तिसरा फोन आलाच नाही, तेव्हा तिला हायसं वाटलं. हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

प्रकरण संपलं त्या रविवारी ती कागद घेऊन गेली. वहिनीने दार उघडलं, पण वाट सोडली नाही. पंधरा दिवसांपूर्वी दादाला दुसरा झटका आला होता.

"मला कळवलं का नाही?"

"दोनदा बोलावलं होतं, ताई. ते प्रकरणाची नव्हते वाट बघत. तुमची बघत होते."

ती खाटेशी बसून वाचू लागली. दादाची नजर छताला लागलेली. तिने एक वाक्य मुद्दाम बिघडवून वाचलं. मग आणखी एक. डोळे उघडेच राहिले. वहिनीने तिच्या हातात फडकं दिलं. दादाच्या तोंडातून लाळ गळत होती.

आता ती दर रविवारी जाते. त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, म्हणून वहिनी तिला येऊ देते. दोघी कामापुरतं बोलतात.

पहाटे अजून जाग येते. ती टेबलाशी बसते. कधी चार ओळी होतात, कधी एकही नाही. झाल्या तरी ती स्वतःला काही देत नाही. उठते आणि कामावर न्यायचा डबा भरायला घेते.