टोमॅटोचा एक तास

मी एक जुना टोमॅटो आहे. दचकू नका मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. माझ्या पोटावर शून्यापासून साठपर्यंत आकडे आहेत आणि पोटात स्प्रिंग. कमरेला पीळ देऊन हवा तो आकडा लावायचा, मी टिकटिक करत शून्यावर येतो आणि घर डोक्यावर घेतो. लोक मला टायमर म्हणतात. मी स्वतःला वक्तशीर म्हणतो. निदान परवापरवापर्यंत म्हणत होतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याबरोबर दोनशे टोमॅटो होते. त्यांतले किती कुठे गेले कोण जाणे, मी एका पाव-केक बनवणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन पडलो. त्या घरीच भट्टी लावत आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाला माल देत. काय मान होता माझा! माझी घंटा वाजल्याशिवाय भट्टीचं दार उघडायची कोणाची छाती नव्हती.

एके दिवशी मी फळीवरून घसरलो तो थेट पिठाच्या पिंपात. मला बाहेर काढलं, झटकलं, पुसलं. त्यानंतर दोन केक करपले आणि खापर माझ्या माथ्यावर फुटलं. मला ते मुळीच पटलं नाही. माझं ठाम मत होतं, की भिंतीवरचं घड्याळच हल्ली घाई करू लागलं आहे. बाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. दोन दिवस माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे त्यांचे केक पुन्हा नीट भाजले जाऊ लागले. मी समजलो, भिंतीवरचं घड्याळ सुधारलं.

मग नवी भट्टी आली. तिच्यात तिचाच टायमर होता. माझी रवानगी खणात झाली, एक मोडका झारा आणि बुचं यांच्या सोबतीला. वर्षं गेली. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण मला अजून वाईट वाटतं.

खणातून मला बाहेर काढलं ते बाईंच्या लेकीनं. तिला घरात भिंगरी म्हणतात. शाळेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे बारावीला, तिनं वरचं गणित घेतलं होतं. वर्गातल्या अवघ्या नऊ जणांना ते मिळालं होतं. आता हे गणित म्हणजे पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला, असला प्रकार. एक उदाहरण सुटेना म्हणून बसावं, तर ते सुटेपर्यंत रसायन, भाषा, इतिहास सगळे दारात ताटकळत उभे. शेवटी तिनं वेळापत्रक केलं. शाळेतून आल्यावर चार ते नऊ असे पाच तास: दोन गणिताला, एक रसायनाला, एक भाषेला आणि शेवटचा इतिहासाला. नऊला जेवण. प्रत्येक तासाला मला साठावर लावायचं आणि घंटा झाली की उदाहरण अर्धं असलं तरी पेन खाली ठेवायचं. सारखं तिकडे लक्ष जातं म्हणून खोलीतलं घड्याळ तिनं कपाटात कपड्यांखाली ठेवलं. माझा प्रतिस्पर्धी गेला याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पोरगी शब्दाची पक्की निघाली. पहिले दोन दिवस गणिताच्या वेळी मला हळूच मागे पीळ देत होती, पण तिसऱ्या दिवशी तिची तिलाच लाज वाटली आणि मग एका मिनिटाचीही लबाडी नाही. तरी नवल असं, की इतिहासाची वही उघडून जेमतेम एक लढाई सुरू होते न होते, तोच आई जेवायला हाक मारायची. वेळ जातो कुठे, हे काही तिला कळेना. बहुतेक मीच स्वप्नं बघत बसते, असं ती म्हणायची. सुटीच्या दिवशी गणिताच्या सराव प्रश्नपत्रिका मात्र ती माझ्या तीन घंटांत पूर्ण सोडवायची, वर दहा मिनिटं उरायची. आम्ही दोघंही फुशारलो होतो.

मग शाळेत चाचणी झाली. इतिहासात शंभरांपैकी एकतीस मिळाले. गणिताच्या पेपरात दोन मोठी उदाहरणं वेळेअभावी कोरी राहिली. गणिताच्या बाईंनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, की सहामाहीत एका जरी विषयात पन्नासच्या खाली गेलीस तर वरचं गणित सोडावं लागेल.

भिंगरीनं सहामाहीपर्यंत वाट पाहिलीच नाही. घरी येऊन रडली आणि वरचं गणित सोडण्याचा अर्ज लिहून टाकला. घरी जमतं आणि तिथे जमत नाही, म्हणजे मी मठ्ठच, असं तिचं उत्तर निघालं होतं. अर्ज आईच्या सहीसाठी टेबलावर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं. ते वजन म्हणजे मी. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम ते. तिला गणित किती आवडतं, हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं.

नेमका त्याच दिवशी नव्या भट्टीचा टायमर बंद पडला होता. बिस्किटांचा घाणा लावायचा म्हणून आई मला न्यायला आली. मला उचललं तसा खालचा अर्ज दिसला. तिनं तो उभ्याउभ्या वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाली, आधी बिस्किटं, मग सही. भिंगरी मागोमाग आली. ओट्यावर आईची कृतींची वही उघडी होती. त्यात लिहिलं होतं, तीस मिनिटं. आईनं मला पीळ दिला तो पंचवीसवर.

"आई, तीस लिहिलंय ना? मग पंचवीस का?"

"अगं, हा रेंगाळतो. ह्याची पंचवीस म्हणजे आपली तीस."

"कधीपासून?"

"पिठात पडला तेव्हापासून. तू पहिलीत होतीस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? आणि मला वाटलं, वरचं गणित करणाऱ्या मुलीला कळलं असेल."

माझी टिकटिक मलाच नकोशी झाली. भिंगरीनं आईच्या खिशातून अर्ज काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. माझा एक तास म्हणजे बहात्तर मिनिटं. तीन तासांच्या पेपराला ती घरी छत्तीस मिनिटं जास्त घेत होती. आणि रोज इतिहासाच्या आधीच्या चार तासांत मी तिची अठ्ठेचाळीस मिनिटं गिळत होतो. इतिहासाचा तास बाराच मिनिटांचा होत होता. बारा मिनिटांत कुठलं राज्य उभं राहणार?

अकरा वर्षं मी भिंतीवरच्या घड्याळाला नावं ठेवत होतो. मला इतकी शरम वाटली, की त्या दिवशी शून्यावर आल्यावरही मी जरा हळूच वाजलो. भिंगरी मात्र आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. सहीचं कोणी नावच काढलं नाही.

तिनं माझ्या पन्नासाच्या आकड्यावर नखांना लावायच्या पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. तास हवा असेल तर तिथेच पीळ द्यायचा. सरावाचे पेपर आता खऱ्या तीन तासांत बसेनात. पहिले काही अर्धवट राहिले, पण हळूहळू कोणतं उदाहरण आधी घ्यावं आणि कोणाचा नाद सोडावा, हे तिला उमगलं. सहामाहीत गणिताचा पेपर घंटेआधी तीन मिनिटं पुरा झाला. इतिहासात चोपन्न मिळाले. गणिताच्या बाईंनी तिला पुढच्या धड्याची जास्तीची उदाहरणं दिली.

आई म्हणाली, आता ह्या टोमॅटोला निरोप देऊ, नवा आणू. माझी स्प्रिंग आखडली. भिंगरी म्हणाली, "नको. हा किती चुकतो ते मला पक्कं माहीत आहे. नव्याचं पुन्हा शोधत बसावं लागेल."

मित्रांनो, एवढ्यावर मी अजून बरीच वर्षं काढीन. तुमच्याकडे एकच मागणं. आमच्यासारख्यांना वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आणि स्वतःला मठ्ठ ठरवण्याआधी आम्हाला एकदा भिंतीवरच्या घड्याळाशेजारी ठेवून बघा. आम्हाला राग येईल, नाही असं नाही. पण तो बारा मिनिटं उशिरा येईल.