न दिलेला निरोप

“आता कुठं घराला घरपण आलं गं बाई!”

सासूबाईंचा, लीलावतीबाईंचा, तो आवाज शारदेच्या कानांत अकरा वर्षं मुक्कामाला होता. धाकटी सून शशिकला माप ओलांडून आत आली त्या दिवशीचा. शारदा तेव्हा त्याच घरात सहा वर्षं रांधत होती. मग ती काय धर्मशाळेत रांधत होती?

हेवा दार वाजवून येत नाही. दुधात विरजणाचा थेंब पडावा तसा पडतो, अन् आपण दुसऱ्या कामात असताना सगळं आंबवून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात शशिकलेचा नवरा विक्रांत तापानं गेला. हिंदी मुलखातल्या या शहरात, जवाहर चौकामागच्या त्या तीन खोल्यांत लीलावतीबाईंनी विदर्भातून आणलेला नेम लागू झाला. वर्षश्राद्धापर्यंत विधवेनं उंबरा ओलांडायचा नाही, अन् गेलेल्याचं नाव कुठल्या कागदावरून काढायचं नाही. “नाव खोडलं की माणूस दुसऱ्यांदा मरतं,” त्या म्हणत.

शशिकलेपाशी उरली नऊ वर्षांची शमिका, आणि कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानातून परचीवर दरमहा मिळणारं फुकटचं धान्य. शमिका शाळेतून येताना अंगठा लावी अन् पिशवी आणी. शारदेचा नवरा सरकारी कारकून. त्यांना ते नव्हतं. आपल्या धान्याच्या डब्यातली कणीक मळताना शशिकलेची मान ताठ असे. ती मान शारदेला खुपे.

“बसल्या जागी मिळतं बाई एकेकीला!”

एका सकाळी भाजीला निघालेल्या शारदेला कंट्रोलवाल्यानं हाक मारली. “भाभीजी, देवरानी को बोल देना, तीस तारीख के पहले भैया का नाम कटवा लें और माँ-बेटी की केवाईसी करवा लें। नहीं तो परची बंद हो जाएगी। बाहर नहीं निकलतीं, तो मैं मशीन लेकर घर आ जाऊँगा।”

“हाँ, बोल दूँगी।”

घरी आली तर सासूबाई भुरके मारत होत्या. “वरण करावं तर शशीनंच!”

शारदेनं भाजीची पिशवी आपटली. जिभेवरचा निरोप गिळला. रूढीनं दार लावलंच होतं. हेव्यानं आतून कडी घातली.

तीस तारीख आली, गेली. पुढच्या महिन्यात शमिका रिकामी पिशवी घेऊन परतली. “आई, परची बंद झाली म्हणे. अपना नाम कट गया.”

डबा खरवडून झाला. शशिकलेचे उपास सुरू झाले. सोमवार, गुरुवार, शनिवार, मग मंगळवारही.

“अगं, एवढे देव तरी आहेत का?” शारदा फणकारली.

“आहेत की, जाऊबाई,” शशिकला हसली. तिची मान आता खाली होती. शारदेला हेच तर हवं होतं. तरी घास गोड लागेना.

त्या दुपारी ताटावर बसलेल्या शमिकेनं हळूच विचारलं, “काकू, मी दुसरी पोळी घेऊ का?”

या घरात पोरीनं पोळी कधी विचारून घेतली नव्हती. शारदा काही बोलायच्या आत सासूबाई कडाडल्या, “पांढऱ्या पायाची! नवरा गिळला, आता दाणेही गिळले. दोघींना पांढुर्ण्याला धाडा, हिच्या भावाकडे!”

शशिकला उठली आणि शमिकेच्या शाळेच्या कपड्यांची घडी करू लागली.

शारदेनं माळ्यावरून जावेच्या चपला काढल्या. पदरानं धूळ पुसली, तिच्यापुढं ठेवल्या.

“शारदे! वर्ष व्हायचंय अजून!”

“होईल तेव्हा होईल, आई. शशी, भाऊजींच्या मृत्यूचा दाखला घे. आजच अर्ज करू. नाव परत चढतं.”

“कशाला, जाऊबाई? माझा पायगुणच...”

“पायगुणाचं नाव काढू नकोस!” शारदेचा आवाज फाटला. “निरोप आला होता गं. मुदतीच्या आधी. तो माणूस घरी मशीन आणायला तयार होता. मी तुला सांगितलंच नाही. हेवा वाटायचा मला तुझा. तू विधवा झालीस, शशी, तरी वाटत राहिला.”