नझीर तांडेलांचं ग्रीक पुस्तक

मित्रांनो, माझी शिवण उसवली आहे, पहिली चार पानं वाळवीनं खाल्ली आहेत, तरी मी पुस्तक आहे हे तुम्हाला अजून ओळखता येईल. फार फार वर्षांपूर्वी एक ग्रीक माणूस देशोदेशी हिंडला आणि त्यानं ग्रीकांच्या व परक्या लोकांच्या हकिगती लिहून ठेवल्या. त्यांचं मी इंग्रजी भाषांतर.

विलायतेत मी छापला गेलो. १९२४ साली मुंबईच्या एका दुकानात धूळ खात पडलो होतो, तेव्हा रेवसच्या नझीर तांडेलांनी मला उचललं. त्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. पण माझ्यातला नकाशा उलगडताच ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, हे तर आपलं बसऱ्याचं पाणी!" खजूर आणायला ते त्या पाण्यातून तांडेल म्हणून कितीदा गलबत हाकत गेले होते.

वाचून दाखवायला त्यांना शाळेचे धर्माजी मास्तर भेटले. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली, की तांडेल घरीच असत. रविवारी दुपारी मास्तर त्यांच्या ओटीवर येत, एकेक उतारा वाचत आणि मराठीत सांगत. आतून तांडेलांची बायको तैयबा चहा पाठवी.

"बघा नझीरभाई," मास्तर म्हणत, "हा शत्रूचंही चांगलं ते चांगलंच म्हणतो."

"आणि डोळ्यांनी पाहिलेलं निराळं ठेवतो, कानांनी ऐकलेलं निराळं," तांडेल म्हणत. "तांडेलानंही असंच सांगावं."

ते माझे सोन्याचे दिवस होते.

एकदा मास्तरांनी माझ्यातली एक गोष्ट वाचली. एका राजानं दोन देशांच्या लोकांना समोर बोलावून विचारलं, की मेलेल्यांच्या बाबतीत तुम्ही एकमेकांची रीत पाळाल का? दोघांनीही कानांवर हात ठेवले. ज्याला त्याला आपलीच रीत खरी वाटते, असं माझा ग्रीक सांगतो.

तांडेलांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट सहा वर्षं माझ्या पोटात आहे. नीराबाईचा कान्हा माझ्या गलबतावर तापानं गेला. मस्कत चार दिवस लांब. लाकडं कुठून आणू? चादरीत बांधला आणि समुद्रात सोडला. गावी आलो तर नीराकाकीनं दारातच विचारलं, 'अग्नी दिलास ना रे?' मी हो म्हटलं. बसऱ्याला नदीकाठी दिला म्हणून सांगितलं."

मास्तरांचे डोळे भरून आले.

"हे या ओटीखाली उतरू देऊ नका," तांडेल म्हणाले.

मास्तरांनी माझ्यावर हात ठेवला. "नाही उतरणार. शब्द देतो."

त्यांच्या तळव्याची ऊब मला अजून आठवते.

पुढं पाच वर्षांनी गावात वाचनालय निघालं. अध्यक्ष व्हावं अशी मास्तरांची फार इच्छा होती. उद्घाटनाला त्यांचं व्याख्यान ठरलं: 'ग्रीक आणि परके'. तांडेलांनी मला आनंदानं त्यांच्या हाती दिलं आणि स्वतः शाळेच्या अंगणात शेवटच्या ओळीत जाऊन बसले.

मास्तरांच्या आधी अलिबागचे एक वकील बोलले. आपले कोण, बाहेरून आलेले कोण, असं ते गर्जून सांगत होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. मग मास्तर उठले. त्यांनी मला उघडलं, दोन पानं वाचली. लोक जांभया देऊ लागले. मास्तरांनी समोर पाहिलं आणि मला मिटलं.

"ग्रीकांचं राहू द्या," ते म्हणाले. "परका तो परकाच! आपल्याच गावचा एक पोर परक्यांच्या गलबतावर मेला. त्याला अग्नीसुद्धा मिळाला नाही. समुद्रात टाकून दिला!"

टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली.

"मास्तर, कुनाचा पोर?"

मास्तरांची नजर शेवटच्या ओळीकडे गेली. नीराबाईनं मग मागं वळून पाहिलं. तांडेल उभे होते.

"तुझाच, काकी. मी खोटं बोललो."

"व्हय?" ती एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "मरताना पानी कुनी पाजलं?"

"मी. मस्कतच्या अलीकडे, भर समुद्रात. डोकं माझ्याच मांडीवर होतं."

"अकरा वरसं मी त्या नदीला हात जोडते. ती नदी न्हायच व्हय?" ती तांडेलांसमोर येऊन उभी राहिली. "तू खोटं बोललास, नझीर. याचा राग माज्या मनातून जायचा न्हाय. पन ह्यानं खरं सांगितलं ते टाळ्यांसाठी. चल, धक्क्यावर चल. मस्कत कोनत्या अंगाला, ते दाखव मला."

लोकांनी वाट दिली. मास्तर मला घेऊन तांडेलांच्या मागं धावले. "नझीरभाई, तुमचं पुस्तक!"

तांडेलांनी मागं वळून मला पाहिलं. मला वाटलं, आता ते हात पुढं करतील.

"राहू द्या, मास्तर," ते हळू म्हणाले. "मला आता वाचून कोण दाखवणार?"

मास्तर अध्यक्ष झाले. त्यांनी मला वाचनालयाच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलं आणि पुन्हा कधी हात लावला नाही. तांडेल आपल्याच गावच्या त्या वाचनालयाची पायरी कधी चढले नाहीत.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझी शिवण घाला, वाळवीपासून मला जपा. एवढं केलंत तर मी आणखी शंभर वर्षं टिकेन. पण माझ्या पानांपेक्षा फार नाजूक अशी एक वस्तू आहे. कुणीतरी ओटीवर बसून, तुम्हाला आपलं मानून, हळू आवाजात सांगितलेली गोष्ट. ती फाटली, तर शिवून देणारा कारागीर मला अजून भेटलेला नाही.